रात्या तांदळाचं जेवण

सोनूबाईने भक्तीला दोनदा नाही म्हणून सांगितलं. भक्ती गावच्या शाळेत शिकवायची आणि माघातल्या एका गावजेवणाचा घाट तिनेच घातला होता. आसपास पिकलेलंच रांधायचं, शेतकऱ्यांना मानाने पंगतीत बसवायचं आणि मुंबईहून मांडव्याला बोटीने उतरणाऱ्या पाहुण्यांनी त्यांच्या शेजारी बसून जेवायचं, असा बेत होता. सोनूबाई म्हणायची, पंगतीत बसायला मी आता शेतकरी राहिले कुठे?

तिचं शेत खाडीलगत होतं. खारं पाणी अडवणारा बाहेरचा बांध सगळं गाव मिळून राखायचं. कुठे भगदाड पडलं की हाळी जायची आणि घरटी एक माणूस चिखल टाकायला धावायचा. पुढे तरणी माणसं ट्रकवर गेली, कुणी पनवेलला स्थायिक झाली. एका श्रावणातल्या उधाणात बांध फुटला, तेव्हा सोनूबाईचा नवरा हिरामण आणि त्याच्याच वयाचे दोघे-तिघे एवढेच तिथे पोचले. पाणी आत आलं ते कायमचं. भाताच्या जागी खारफुटीची तिवरं माजली. हिरामण त्यानंतर फार जगला नाही. सोनूबाई संध्याकाळी तुटक्या बांधावर जाऊन बसायची आणि तिवरांत भरती शिरताना बघून घरी यायची. दुकानातला पांढरा तांदूळ शिजवायची, पण तो तिला कधी गोड लागला नाही.

शेवटी भक्तीने तिला वाल रांधायला बोलावलं. त्याला मात्र ती नाही म्हणाली नाही.

माळावर चुली पेटल्या होत्या. एकीकडे वालाच्या शेंगा भरलेली पोपटीची मडकी जाळात होती, दुसरीकडे बायका पांढरे कांदे चिरत होत्या. सोनूबाई वालाला फोडणी देत होती, तेवढ्यात शेजारच्या टोपातून वाफ आली आणि तिचा हात थांबला. तिने झाकण सरकवलं. आत लालसर भात फुलला होता. टोपामागे तिची धाकटी बहीण चंदाबाई उभी होती. चंदाबाईचं सासर दिघीच्या पलीकडे. हिरामणच्या दिवसकार्यानंतर दोघी भेटल्या नव्हत्या. गावात हा लाल, राता तांदूळ कुणाकडेच उरला नाही म्हणून भक्तीने शोध घेत चंदाबाईला गाठलं होतं.

"तुझाच हाय," चंदाबाई म्हणाली. "माझ्या थोरल्याच्या बारशाला दाजींनी बी आनलं व्हतं. तेच पेरतो आमी."

पंगत बसली तेव्हा चंदाबाईने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. समोर पानात तो भात आला. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरला. पलीकडच्या पाहुण्या बाईने भात आवडला का, असं विचारलं. चंदाबाईनेच सांगितलं, की हे बियाणं हिच्या घरचं.

जरा वेळाने सोनूबाई हळूच म्हणाली, "तांदूळ आपला हाय गं. पर आपल्या खाऱ्या जमिनीची चव न्हाय त्याला."

"न्हाय," चंदाबाई म्हणाली. "ती मी कुठून आनू? तू लावनीला ये."

हिरामण गेल्यापासून सोनूबाई गावाबाहेर एक रात्रही राहिली नव्हती. तरी आषाढात तिने घराला कुलूप लावलं, आगरदांड्याला बोटीत बसली आणि पलीकडे उतरली. चंदाबाईची शेतं डोंगराच्या कुशीत होती. तिथे ना खाडी, ना भरती. चिखलात उतरल्यावर पहिल्या मुठीपासून तिचे हात भराभर चालू लागले. चंदाबाईच्या सुना मागे पडल्या. संध्याकाळी मात्र ती कावरीबावरी व्हायची, कुठे जाऊन बसावं ते कळायचं नाही.

लावणी आटोपली की परतायचं ठरलं होतं. ती आज-उद्या करत राहिली. चंदाबाईनेही कधी विषय काढला नाही.

भादव्यातल्या एका दुपारी सोनूबाई जेवायला आली नाही म्हणून चंदाबाई शेताकडे गेली. सोनूबाई भाताच्या कडेला उकिडवी बसली होती. एक रोप बोटांत धरून पानाच्या पोटरीतून नुकती डोकावलेली लोंबी बघत होती.

"निसवलं बघा," ती मान न वळवता म्हणाली. "यंदा लवकरच निसवलं, न्हाय का हो?"

चंदाबाई जिथे होती तिथेच थांबली. बहिणीने नवऱ्याखेरीज कुणाला कधी 'का हो' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. पावलांचा आवाज होऊ न देता ती मागे फिरली आणि घरी जाऊन तिने सोनूबाईचं पान झाकून ठेवलं.