शहात्तरचा आकडा

सम्यकने आईच्या, नंदाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा स्थिरावू दिला. शहात्तर.

घाटकोपरहून निघतानाच मायलेकांचं ठरलं होतं. ऐंशीच्या खाली आकडा गेला, की एक पाऊल पुढे टाकायचं नाही, सरळ माघारी. अट सम्यकची. एमएस्सी झाल्यापासून त्याच्या सगळ्या अटी आकड्यांतच असायच्या.

एक दिवस-रात्र रेल्वे, मग दोन दिवस बस. दुपारी ते स्पितीतल्या या बारा हजार फुटांवरच्या गावात उतरले, तेव्हा नंदाला धाप लागली होती. गोम्पा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, अजून तासभराच्या चढणीवर होता. तिथे लावायला घाटकोपरच्या विहारातल्या बायकांनी मेणबत्त्यांचा पुडा दिला होता. अख्ख्या प्रवासात तो तिने मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

"ठरलंय तर ठरलंय," नंदा म्हणाली आणि पुडा पिशवीत टाकला.

मुक्कामाच्या घरची मालकीण यांगचेनने तिला हाताला धरून शेगडीपाशी बसवलं, अंगावर जाड पांघरूण टाकलं आणि लोणी घातलेला खारट चहा पुढे केला. नंदाने कप रिकामा केला. यांगचेनने लगेच भरला. नंदाने पुन्हा संपवला. वाढलेलं टाकायचं नाही, ही तिच्या घरची शिस्त. चौथ्या कपाला ती कुजबुजली, "सम्या, ही बाई थांबतच नाही रे! आता पोट फुटेल माझं."

"आंटी को बहुत पसंद आया," यांगचेन खुशीत म्हणाली.

सम्यकने विचारलं तेव्हा उलगडा झाला. इथे नको असेल तर कप भरलेलाच ठेवायचा. रिकामा कप म्हणजे अजून हवा. नंदा इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मग पाचवा कप दोन्ही तळव्यांत धरून ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने बोट पुढे केलं. "आता लाव बघू. बोटं गार असली की मशीन फसतं. वॉर्डात आम्ही आधी पेशंटची बोटं चोळायचो."

तीस वर्षं ती पालिकेच्या रुग्णालयात आया होती. सम्यकला एकदम शरम वाटली. थंडीने बोटांतला रक्तप्रवाह कमी होतो हे तो वाचून होता, पण मघाशी आईचे हात त्याने एकदाही हातात घेतले नव्हते.

"मग आधी बोलली का नाहीस?"

"धाप तर खरीच होती ना रे. म्हटलं, आधी बसू तरी."

आकडा चढत गेला. ऐंशी, चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशीवर थांबला. सम्यकने एक मिनिट थांबून पुन्हा मोजला. सत्त्याऐंशीच.

"कल आराम, परसों गोम्पा," यांगचेनने बजावलं. सम्यकने हात जोडले.

नंदाने भरलेला कप खाली ठेवला. तो तसाच सोडणं तिच्या जिवावर आलं होतं. मग तिने पिशवीतून पुडा काढून लेकाकडे दिला.

"हा शेगडीपासून लांब ठेव. मेणबत्त्या वितळतील."