नाण्याची पुतळी झाली

मित्रांनो, मी सोन्याचे नाणे आहे, पण चलन म्हणून माझ्या बदल्यात बाजारात कुणी ओंजळभर शेंगाही देणार नाही. मी खर्चायला नव्हे, आठवण राखायला घडलो. परदेशातल्या टांकसाळीत माझ्या एका अंगावर रोमचा सम्राट उमटला, कुरळ्या केसांचा, पानांचा मुकुट घातलेला. दुसऱ्या अंगावर शिडाचे जहाज. त्याचे दोरसुद्धा मोजता यावेत इतके रेखीव! काचेच्या डबीत मी स्वतःवरच खूश असे.

शुभांगीच्या मामांनी तिच्या लग्नासाठी मला सास्तूरला आणले. ती शाळेत इतिहास शिकवते. तिने मला उन्हात धरले आणि बघतच राहिली. शेजारी तिच्या आत्या, बानूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "लई झ्याक हाय. आता भोक पाडून आणते."

बानूबाईंच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती, सोन्याच्या नाण्यांसारख्या चकत्या ओवलेली. मधली पुतळी त्र्याण्णवच्या भूकंपात तुटून ढिगाऱ्यात गेली, तेव्हापासून ती जागा रिकामी. ती भरून माळ भाचीच्या गळ्यात घालायची, एवढाच त्यांचा हट्ट.

"आत्या, भोक पाडलं की बिघडलं! हे डबीतच ठेवायचं असतंय."

"डबीतल्याचं काय हुतंय ते म्या बघितलंय. पेटीतलं समदं सोनं मातीखाली गेलं. गळ्यातलं तेवढं माझ्यासंगं वर आलं."

पण शुभांगी हरली नाही. जुनी नाणी लोक कशी जपतात ते दाखवायला ती आत्यांना तेरच्या संग्रहालयात घेऊन गेली. मीही पर्समध्ये होतोच. तिथे काचेआड भाजक्या मातीची एक चकती होती. तिच्यावर तसाच कुरळ्या केसांचा सम्राट! दोन हजार वर्षांपूर्वी तेरचे कापड जहाजांनी रोमला जाई, तेव्हा तिथून आलेले नाणे पाहून इथल्याच कुणीतरी उमटवलेला. आणि त्याच्या डोक्यावर दोरा ओवायला भोक.

बानूबाई हसत सुटल्या. "बघ गं मास्तरीणबाई! सोनं न्हाय मिळालं तर मातीचा केला, पण गळ्यात घातलाच की!"

शुभांगीलाही हसू आवरेना. तिने मला आत्यांच्या हातावर ठेवले.

चन्नबसप्पा सोनारांनी शिडाला धक्का न लावता भोक पाडले. मी फार घाबरलो होतो. नाणे म्हणून त्यांच्या हातात गेलो, पुतळी होऊन बाहेर आले.

मित्रांनो, सुंदर वस्तू जरूर जपा, पण डबीत कोंडून नव्हे. शुभांगी फळ्यावर लिहायला हात उचलते, तेव्हा मी तिच्या गळ्यात हलते. परवा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, ते जहाज कुठं चाललंय?"

शुभांगीने मला बोटांत धरले. "आपल्याकडंच येतंय. तेरचं कापड न्यायला."