खडूची रेघ

कारखान्याची किल्ली ताईकडेच असायची; उघडायच्या तासभर आधी ती नेहमीसारखी आली, पण आज तिने फडक्याला हात लावला नाही.

लांब टेबलावर निळ्या कापडाचे चाळीस थर पसरलेले होते. सगळ्यात वरच्या थरावर तिच्या धाकट्या भावाने काल संध्याकाळी खडूने शाळेच्या सदऱ्याची आखणी केली होती. त्याच रेघांवरून कापायचं मशीन फिरणार; एक रेघ चुकली की चाळीस सदरे बाद. आणि रेघा चुकलेल्याच होत्या. दोन वर्षं रोज चुकत होत्या. भावाची नोकरी टिकावी म्हणून दोन वर्षं ताई रोज सकाळी त्या रेघा फडक्याने झटकायची आणि पुन्हा आखायची.

परवा व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी तिला एवढंच विचारलं होतं, "ही रेघ तुमची आहे, हे त्याला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. तिथेच तर घोळ होता.

भाऊ आला. डोळे लाल, तोंडात पुदिन्याची गोळी. त्याच्यामागे त्याची बायको. ती इथेच काजं करायची.

"आज पहारा कसला?" तो म्हणाला.

"मशीन लावायच्या आधी बघ."

"माझीच आखणी मला काय दाखवतेस?" तो वाकला आणि थबकला. डावी काख उजवीपेक्षा दोन बोटं खाली. गळा तर बटाट्यासारखा. "कोणी केलं हे?"

"तूच."

"खोटं! माझी रेघ रोज सरळ असते."

"सरळ मी करते, या फडक्याने पुसून. दोन वर्षं."

तो भडकणार हे ताईने धरलंच होतं, पण पहिला भडका उडाला तो भावजयीचा.

"दोन वर्षं, वन्सं? हा घरी छाती ठोकून विचारतो मला, पिणाऱ्याची रेघ इतकी सरळ येते का? मी वेडी ठरले! पोरं म्हणतात, आई उगाच कटकट करते. आणि रेघ तुमची?"

"मला वाटलं, मी त्याला सांभाळतेय."

"बाटली सांभाळलीत त्याची!"

"दोघींचं नाटक आहे हे," भाऊ ओरडला. "ताईला माझ्या जागेवर बसायचंय, म्हणून हिनेच बिघडवलंय!"

ताईने कापडाचा एक तुकडा आणि नवा खडू त्याच्यापुढे सरकवला. "आख. आत्ता, आमच्यासमोर. सरळ आली तर पुन्हा इथे पाय ठेवणार नाही मी."

त्याने खडू हिसकावला. रेघ चार बोटं बरी गेली, मग शाईत बुडालेली मुंगी चालावी तशी भरकटली. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. खडू मोडला. उरलेला तुकडा त्याने पुन्हा टेकवला, पण ओढला नाही.

"इथे सगळे मला मास्तर म्हणतात," तो पुटपुटला. आणि तुकडा भिंतीवर फेकला. "उद्यापासून सोडतो! झालं समाधान?"

"तुझ्या मनाने एकदम सोडू नकोस. इतकी वर्षं पिऊन अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टर लागतात. केंद्रात सांगून ठेवलंय, आज अकरा वाजता. मालकांनाही सगळं सांगणार आहे, माझ्या लबाडीसकट."

"चारचौघांत माझं नाक कापून वर दवाखाना दाखवतेस?"

"हो."

ती रेघ जिथून भरकटली होती, तिथे त्याने बोट टेकवलं.

"जातो. पण तुझ्यासाठी नाही. परत येऊन याच टेबलावर आखेन, आणि तू ते फडकं घेऊन बाजूला उभी राहशील."

"राहीन."

"तोवर मला तोंड दाखवू नकोस."

"बरं."

तो तरातरा बाहेर पडला. भावजयीने पिशवी उचलली. दारात थांबून, मागे न बघताच तिने विचारलं, "घरच्यांची बैठक असते ना तिथे? कधी?"

"गुरुवारी, पाचला."

"येईन. तुमच्या शेजारी बसणार नाही."

"पुढे बस," ताई म्हणाली. "मागे नीट ऐकू येत नाही."