साधी गाठ

"कॅन्सरच्या पेशंटला खरं सांगावं का?" या प्रश्नापुढे आमच्या अख्ख्या वर्गाने "हो"वर खूण केली. नर्सिंगचं दुसरं वर्ष. कॅन्सरबद्दल आम्हा मुलींना काय वाटतं ते तपासायला ट्यूटर बाईंनी चाळीस प्रश्नांचा कागद वाटला होता. मी तर "हो"खाली दोनदा रेघ ओढली. शहाणपणा पाजळायची माझी खोड जुनीच.

त्याच आठवड्यात मावशीचा रिपोर्ट आला. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून. छातीतली गाठ तिने महिनाभर लपवली, मग माझ्या हट्टापायी तपासून घेतली. लॅबच्या खिडकीवरून पाकीट मीच घेतलं आणि जिन्यात उभ्या उभ्या उघडलं. एक शब्द वाचला आणि कागद घडी करून पुन्हा पाकिटात घातला.

घरी ती मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "काय गं, काय लिहिलंय? तोंड का उतरलंय तुझं?"

"चार जिने चढून आले ना. साधी गाठ आहे. माझी परीक्षा झाली की काढून टाकू."

"मी म्हणतच होते. उगाच जीव टांगणीला लावलास माझा." दोरा दाताने तोडून तिने दुसरी बाही घेतली.

वॉर्डात मी रोज अशाच बायकांच्या चादरी बदलायचे. उशिरा आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आम्ही चहा पिताना नावं ठेवायचो, की इतके महिने काय झोपले होते का हे. आणि घरी? आज सांगते, जेवताना सांगते, असं रोज ठरवायचे. जेवताना ती इतक्या खुशीत असायची, की माझी जीभच उचलायची नाही. तिला धक्का बसेल, हे सगळं निमित्त. मीच घाबरले होते. तो शब्द मी वह्यांमध्ये शंभरदा लिहिला असेल, पण मावशीसमोर उच्चारणं मला जमत नव्हतं. परीक्षा संपेपर्यंत अकरा आठवडे गेले. तोवर काखेतही गाठी हाताला लागायला लागल्या.

डॉक्टरांनी तपासलं, मग पाकिटातला कागद काढून तारीख पाहिली. "जवळजवळ तीन महिने? हा कॅन्सर आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग ती डॉक्टरांकडे वळली.

"सांगितलं होतं हो हिनं. रोज मागे लागायची. मीच ऐकलं नाही."

"घरात नर्स असून तुम्ही असं करता?" डॉक्टर चिडले. आता ऑपरेशनने भागेल असं नाही, हे तुमच्या हट्टापायी झालं, असं बरंच बोलले. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून सगळं ऐकत राहिली.

मी तिच्या खुर्चीमागे युनिफॉर्ममध्ये उभी होते. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.