सावल्या बंद

तळहातावरचा स्क्रू अजून कोमट आहे. काळा, कडेला बारीक दाते असलेला, नुसत्या बोटांनी निघणारा — एवढासा, आणि तरी कोमट... म्हणजे आतली उष्णता इथवर आली, स्क्रूच्या शेवटच्या आट्यापर्यंत आली, आणि मग? पुढे वाट मिळाली नाही, की कुणीतरी हातात घेईल म्हणून ती इथेच थांबली — शुलामिथला स्वतःचंच हसू येतं. उष्णता कुणासाठी थांबत नाही, हे तिला नाही तर कुणाला माहीत असणार? उभी नोकरी न्हावा शेव्याच्या यार्डात गेली, थंड कंटेनरांची तापमानं तपासण्यात. द्राक्षं, कोळंबी, औषधं. यार्डात कंटेनरला सगळे डबाच म्हणत, आणि टेबलावर आडव्या केलेल्या या कॉम्प्युटरलाही ती डबाच म्हणते: एक बाजू काचेची, आत रंगीत दिवे, तिच्या मुलाने, येहुदाने, गेम खेळण्यासाठी हौसेने जुळवून घेतलेला, आणि बायकोमुलीला घेऊन तो इस्राएलला, अश्दोदला गेला तेव्हा पनवेलच्या या घरात मागे राहिलेला. आईसारखाच.

दुसरा स्क्रू. हाही कोमट.

सकाळी येहुदाचा फोन आला होता. फोनवर त्याची नेहमी हनुवटी आधी दिसते, मग तो.

"आई, गेल्या शुक्रवारी शिरा रडली. तू मध्येच गायब झालीस म्हणून."

"मी कुठे गायब झाले? डबा बंद पडला. तापतो."

"तापणारच. म्हातारा झालाय."

"मीपण झालेय."

"मग मी दुसरं काय म्हणतोय? आई, दर शुक्रवारी पोरगी शाळेतून येऊन तुझी वाट बघते आणि तू अर्ध्यात... बरं, ऐक. आज परत बंद पडला तर विषय संपला. मी तिकीट काढतो. फक्त यायचं."

"आणि नाही पडला तर?"

तो हसला. "नाही पडला तर राहा पनवेलला. मी परत नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

थट्टेत म्हणाला. पण येहुदाने लग्नही असंच थट्टाथट्टेत ठरवलं होतं, आणि केलं होतं. तेव्हा आज दुपारी, तिकडे नातीची शाळा सुटल्यापासून इकडे दिवेलागण होईपर्यंत, हा डबा तापून बंद पडता कामा नये. एवढंच. सगळं एवढ्यावर.

— कारण मला जायचं नाही. का नाही, हे कुणी विचारू नये. विचारलं की मी खाडीचं नाव घेते, आमच्या सिनॅगॉगचं घेते, भामा कोळणीकडच्या ताज्या बोंबलांचंसुद्धा घेते, आणि प्रत्येक नाव घेताना ते जरासं खोटं लागतं. खरं कारण फार लहान आहे. इथे मला कुणाला काही विचारावं लागत नाही. रस्ता कुठे जातो, माणूस काय म्हणाला, बस किती वाजता... तिकडे सगळं विचारावं लागेल. अगदी पाटी वाचायची तरी. आणि गंमत अशी की विचारायला मला आवडतं —

अठ्ठ्याण्णव.

हा आकडा गेल्या शुक्रवारचा. पडद्याच्या कोपऱ्यात डब्याच्या आतलं तापमान दिसतं. येहुदाने ते लावून दिलं होतं. चाळीसला सुरू होतं, गेम उघडला की सत्तर, मग ऐंशी, मग पंखे विमानासारखे घोंगावू लागतात, अठ्ठ्याण्णव येतं आणि — काळोख. काच आरशासारखी होते. आरशात हेडफोन लावलेली एक बाई.

उपाय सगळे झाले. काचेची बाजू उघडून टेबलफॅन लावून झाला. दुपारभर एसी लावून झाला. मग शिरानेच सांगितलं, "आजी, सावल्या बंद कर. सावल्यांनी खूप गरम होतो."

"सावल्यांनी गरम?"

"मग! प्रत्येक पानाचा सावली त्याला काढायला लागतो ना."

शिराचं मराठी असं, आजीच्या बोटाला धरून चालणारं. शुलामिथला ते ऐकून केवढा आनंद झाला होता — मराठीचा नाही, त्या गोष्टीचा. पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकवाले सावलीसाठी भांडतात, आणि इथे एक जग असं की जिथे सावली पाडायलाच आग लागते! तिने सावल्या बंद केल्या. त्या चौकोनी ठोकळ्यांच्या जगात आजी-नात मिळून कर्नाळा बांधत होत्या, अंगठ्यासारख्या सुळक्यासकट, आजीला आठवेल तसा. तो सुळका एकदम कागदाचा झाला. मग पाण्यातली प्रतिबिंबं बंद केली. मग शिरा म्हणाली, "दूरचं कमी कर." एक पट्टी डावीकडे ओढली आणि किल्ल्याच्या पायथ्यापाशी पांढरं धुकं आलं, त्यापलीकडचं जग डब्याने काढायचंच सोडून दिलं.

"आता धुक्यातच राहायचं?"

"जवळचं दिसतो ना, आजी. पुरे."

पुरे. आणि तरीही अठ्ठ्याण्णव... सावल्या नाहीत, दूरचं नाही, पाण्यात आभाळ नाही — मग हा तापतो कशाने?

कधीकधी शिराच "आले" म्हणून उठते. खेळातला तिचा बाहुला तटावर तसाच उभा राहतो, हात वर केलेला. येहुदा नंतर सांगतो: सायरन झाला, खाली आसऱ्याच्या खोलीत जाऊन आलो, काही नाही. तेवढा वेळ शुलामिथ आपला बाहुला तिच्या बाहुल्याशेजारी नेऊन उभा करते. त्याने काय होतं, हे तिला सांगता येणार नाही.

"अगंबाई, शुलाताई! ऑपरेशन चाललंय की काय?"

खालच्या मजल्यावरची शोभा. दार उघडं दिसलं की आत येते, आली की बसते.

"डोकं तापतंय त्याचं."

"तापू दे. आमच्या ह्यांचं रोज तापतं, मी काही उघडून बघत नाही." शोभा चष्मा सावरून आत वाकते. "शी! किती हा कचरा. आणि हे बघा, हे काय? गादीच पिंजून भरलीये कुणीतरी."

"धूळ आहे."

"धूळ अशी लाल असते?"

शुलामिथ थांबते.

असते का? पनवेलची धूळ तिला माहीत आहे: करडी, सिमेंटची, डिझेलची, ट्रकांनी वाहून आणलेली, दुपारपर्यंत खिडकीच्या पट्टीवर बोट ओढलं तर बोट उठेल अशी. यार्डातली त्याहून काळी. पण ही... मोठ्या पंख्याच्या मागे, धातूच्या बारीक पट्ट्यांच्या फटींत दाबून बसलेली, नमद्यासारखी — ही किरमिजी आहे. चिमटीत धरून ती उजेडाकडे नेते. आणि त्यात एक तंतू चमकतो. सोनेरी.

"शुलाताई? काय झालं?"

काही नाही. म्हणजे... शुक्रवारी खेळ रंगात येतो, आणि दिवेलागण होते. डबा बंद पडला तर पडला, ती तो पुन्हा सुरू करते — निदान शिराला लिहून कळवायला — आणि तोवर शब्बाथचा तेलाचा दिवा लावायची वेळ होते. दिवा लागला की बटणाला हात लावायचा नाही. जे चालू ते चालू, जे बंद ते बंद, शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. सासूबाईंच्या वेळेस पंखा थंडीतही असाच फिरत राहायचा आणि सगळे रजई घेऊन झोपायचे. डबा चालूच राहतो. पण त्याचे ते रंगीत दिवे! हिरवा, जांभळा, निळा... शब्बाथच्या दिव्यासमोर तो भपका बरा दिसत नाही. म्हणून ती त्याच्यावर मखमलीचं आच्छादन घालते. सासूबाईंच्या हातचं, किरमिजी, कलाबतूच्या वेलीचं. वरून खालपर्यंत, मागची बाजूसुद्धा. नीट.

दर शुक्रवारी. रात्रभर, आणि दुसरा अख्खा दिवस.

आणि आत पंखा ओढतो आहे. हवा मिळत नाही, मखमल मिळते...

मालाच्या आणि भिंतीच्या मध्ये हवेची वाट सोडा — हे मी किती ड्रायव्हरांना, किती भरणाऱ्यांना सांगितलं. गोणपाट टाकून वाट बुजवली म्हणून एकाला असं झापलं होतं की तो पुढे मला बघितलं की टोपी काढायचा. आणि घरी स्वतः... आणि आमचे वाडवडील! गावोगाव घाणे चालवणारे, शनिवार आला की बैल सोडून घाणा थांबवणारे, म्हणून तर लोक शनिवार-तेली म्हणायचे. त्यांनी शनिवारी यंत्र थांबवलं. मी बटणाला शिवायचं नाही म्हणून यंत्र शनिवारभर राबवलं, वर पांघरूण घालून. त्याच्या अंगावर मखमल, आणि त्याला शब्बाथ नाही.

ती मोठ्याने हसते. शोभा आधी बघत राहते आणि मग ऐकून घेऊन तीही हसते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मशीनला तुम्ही ऐन उन्हाळ्यात शालू नेसवून बसवलंत!"

"नेसवलं."

"येहुदाला सांगणार?"

"अजिबात नाही."

"बरंच आहे," शोभा म्हणते आणि मग आवाज खाली आणते, "जाऊ नका हो तुम्ही. तिकडे ते सायरन काय, आणि काय... इथे मी कुणाकडे येऊन बसू?"

शुलामिथ पंख्याच्या पात्यावर बोट ठेवते, म्हणजे तो फिरणार नाही, आणि हेअर ड्रायरची थंड हवा सोडते. किरमिजी ढग उठतो. शोभा शिंकते. ब्रशने, टाचणीने, पुन्हा हवेने — एकेक पट्टी मोकळी होते, आणि शेवटी पट्ट्यांमधून पलीकडचं दिसू लागतं. शब्बाथच्या आधी आजपासून डबा रीतसर बंद करायचा. आच्छादन कपाटात. झालं. इतकं सोपं होतं... मग मन इतकं रिकामं का झालं? कोडं सुटल्यावर होतं तसं. की दुसरंच काही?

एकेचाळीस.

"आजी! आलीस?"

"आले. आज डबा न्हाऊनमाखून आलाय."

शिराचा बाहुला तटावर उड्या मारतो. पंखा हळू, झोपलेल्या माणसासारखा. त्रेपन्न. सत्तावन्न. दोघी पाण्याच्या टाक्या खोदतात. एकोणसाठ.

"आजी, सावल्या चालू कर ना."

"करू?"

"कर कर."

ती करते — आणि सुळका पुन्हा दगडाचा होतो. त्याच्या पायाशी लांबलचक सावली, सावलीत गवत, गवताची सावली. अडुसष्ट. पाण्यात आभाळ उतरतं. सत्तर. "दूरचं पण," शिरा म्हणते, आणि ती पट्टी उजवीकडे, अगदी टोकापर्यंत ओढते. धुकं मागे सरकतं. झाडी, खाडी, खाडीपलीकडे टेकडी, आणि टेकडीवर — इतक्या मशाली की वणवाच लागलाय असं वाटावं.

"अगं, ते काय?"

"दिसला? मी कधीचा बांधला, तुला दिसतच नव्हता! तो तुझा खोली."

"माझी? आणि एवढ्या मशाली कशाला?"

शिरा खुदकन हसते, मग कुजबुजते. "तुझा कॉम्प्युटर गरम व्हायला. मेंढ्या पण सोडल्या खूप. बाबा म्हणाला, बंद पडला तर तू येणार."

चौऱ्याहत्तर.

हेडफोनमध्ये श्वास ऐकू येतो आहे. तिकडे एक पोर बसली आहे, आजी विझायची वाट बघत. आणि इकडे शुलामिथ कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघते आहे. पंचाहत्तर, पुन्हा चौऱ्याहत्तर... चढत नाही. एवढ्या मशाली, एवढ्या मेंढ्या, प्रत्येक मेंढीची सावली, आणि चढत नाही. आपण जिंकलो. येहुदाचा शब्द आहे. मग मी अशी श्वास धरून कशाला बसले आहे? शहात्तर झालं तेव्हा छातीत काय हललं? भीती होती ती? भीती मला ओळखता येते. ती नव्हती.

चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर.

"नाही पडत?" शिरा विचारते.

"नाही."

"अच्छा."

एवढंच. रडली असती तर समजूत काढता आली असती. आजवर या जागी काळोख व्हायचा आणि पुढचं काही बोलावं लागायचं नाही... शुलामिथ बाहुल्याला खाडीच्या काठापर्यंत नेते. इथून खोलीच्या भिंती दिसतात. चारही बाजूंनी सलग.

"शिरा, खिडकी नाही का गं या खोलीला?"

"नाही केला अजून. कुठे करू?"

"सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येतं?"

"इथे? घरी?" शिरा विचारात पडते. "मला नाय माहीत. थांब, सावताला विचारते — ती तिकडच्या खोलीत आहे. नाही, मीच बघते."

खुर्ची सरकल्याचा आवाज. अनवाणी पावलं. मग काहीतरी घरंगळत उघडतं आणि हेडफोनमध्ये एकदम रस्ता शिरतो: गाड्या, एक कुत्रा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, आणि खालून कुणीतरी पुरुष वर कुणाला तरी ओरडून काही सांगतो आहे, दोनदा, तेच शब्द. वरून एक बाई हसते. सावता म्हणजे तिकडची आजी, सुनेची आई, एवढं शुलामिथला ठाऊक आहे. पण हा माणूस काय म्हणाला? चिडून म्हणाला की लाडाने? आणि ती हसली का?

ती हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी दाबून धरते. तो पुन्हा ओरडतो. ती ते शब्द ओठांतल्या ओठांत, जमतील तसे, म्हणून बघते — शिरा परत येईपर्यंत विसरायला नकोत. विचारायचे आहेत.