बाजेशी बसलेली बाई

प्रियदर्शनीकडे पहिल्यांदा येणारा माणूस आधी बुचकळ्यात पडायचा तो खोलीतली अर्धवट विणलेली बाज पाहून. अमरावतीत राजापेठेजवळ, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर ती समुपदेशनाला बसायची, आणि जिथे दुसऱ्या कुणी पदव्यांच्या चौकटी टांगल्या असत्या तिथे तिने बाजेचा सागाचा सांगाडा आणि सुतळीची गुंडाळी ठेवली होती. भातकुलीच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या डोमाजी गुरुजींची ही मुलगी. मानसशास्त्र नागपुरात शिकली, पण बाज विणायला बापाकडून. गुरुजी शेवटच्या पट्ट्यात एक निळी दोरी घालायचे. काहून, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आपली बाज आपल्याले वयखू आली पाह्यजे."

उपदेशाचा तिला मनापासून कंटाळा होता. 'टेन्शन घेऊ नका' म्हणायला नातेवाईक पुष्कळ असतात, त्यासाठी जिना चढून वर कशाला यायचं? ती समोरच्याला डोळे मिटायला सांगायची आणि मनातल्या मनात एक अशी जागा उभी करायला लावायची, जिथे त्याला कशाचंच भय नाही. जागा ज्याची त्याने रचायची. ती फक्त बाहेर बसून राहायची, आणि वेळ झाली की परत बोलवायची : "आता हळूहळू डोळे उघडा." आवाज द्यायला कुणी नसेल तर आत जायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद असे.

तिची स्वतःचीही एक जागा होती, शिकत असताना रचलेली आणि कुणालाही न सांगितलेली. मोर्शीकडची संत्र्याची बाग, विहीर, विहिरीजवळ बाज. निवृत्तीनंतर अशी बाग घ्यायची हे गुरुजींचं जन्मभराचं बोलणं होतं, पण गाठीला एक गुंठासुद्धा जमीन जमली नाही. म्हणून तिने ती मनात लावली. गेल्या वर्षी गुरुजी गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्याच दिवशी ती कामावर हजर झाली, डोळ्यांतून टिपूस न काढता, आणि पोरगी मोठी खंबीर म्हणून लोकांनी तिचं कौतुक केलं. तेव्हापासून मात्र डोळे मिटले की बाग दिसेना. नुसता काळोख. हे तिला फार लागलं होतं, कारण बाप पुन्हा भेटला असता तर तो तिथेच.

बायको गेल्यापासून झोप उडालेले खुशालराव तिच्याकडे आले ते उन्हाळ्यात. मूळचे मोर्शीचे. डोळे मिटून त्यांनी संत्र्याचा बगीचा सांगितला यात नवल काहीच नव्हतं, मोर्शीच्या माणसाला दुसरं काय दिसणार? विहीर सांगितली, तीही ठीक.

"बाजीवर म्हातारा माणूस झोपला हाये," ते संथपणे म्हणाले. "एक बाई पाठमोरी बसून त्याले वारा घालून राह्यली. मी खाकरलो, तं तिनं वळून नाही पाह्यलं. नुसतं बोट ओठावर ठेवलं. म्हने, हळू बोला, बाबा झोपले आहेत."

त्या आठवड्यात खुशालराव रोज झोपले.

बुधवारी ती अकोल्याला बसायची. तिथे आकांक्षा नावाची मुलगी येई, परीक्षेच्या धास्तीने हात थरथरणारी, फ्लॅटमध्ये वाढलेली, संत्रं फक्त हातगाडीवर पाहिलेली. तिलाही बाग दिसली. तिलाही बाई दिसली. "त्या बाजेची एक दोरी निळी आहे, मॅडम," ती म्हणाली, आणि तिचे हात मांडीवर शांत पडून होते.

आपल्याच तोंडून कधी काही निसटलं असेल का, हे प्रियदर्शनीने परोपरीने आठवून पाहिलं. निसटलं नव्हतं. मग ती घाबरली, पण ती भीती टिकली नाही. कारण तिथून परत येणारी माणसं ती रोज पाहत होती. डोळ्यांत पाणी आणि चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. इतक्या वर्षांत तिच्या विद्येने जे कुणाला दिलं नव्हतं ते एक झोपलेला म्हातारा सगळ्यांना देत होता. जे घडत होतं ते तिच्याहून फार मोठं होतं, आणि त्यापुढे हात जोडावेत एवढंच तिला सुचत होतं. फक्त तिलाच तिथे जाता येत नव्हतं, आणि याचं तिला लहान मुलासारखं रडू येई, पण बाहेर पडत नसे.

भाजी विकणाऱ्या चतुराबाईंनी बडनेऱ्याहून येऊन डोळे मिटले, उघडले, आणि बराच वेळ त्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

"थे बाई तुमीच हाय न व माय? पाठीवरून वयखलं मी."

प्रियदर्शनीची नजर खोलीतल्या अर्धवट बाजेकडे गेली.

"आमी येतो, घडीभर बसतो, न जातो," चतुराबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "तुमी कधी जाता घरी?"

त्या जिना उतरल्यावर तिने दार लावून घेतलं. भर दुपार होती, खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज झाला. ती रोज लोक बसतात त्या खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले.

या वेळी काळोख नव्हता. बाग होती, पानांवर ऊन होतं, विहिरीजवळ बाज होती, आणि बाजेवर कुशीला वळून, उशीखाली हात घालून, बाबा झोपले होते. श्वास चालू होता. शेजारी ती बाई बसायची तो लाकडी पाट रिकामा होता. तिने हात टेकला, तर तो अजून गरम होता. पंखाही तिथेच पडला होता. ती बसली आणि वर्षभर अडलेलं सगळं रडू तिला आलं. हुंदका बाहेर पडू नये म्हणून तिने पदर तोंडात धरला. पंखा उचलला आणि वारा घालू लागली. बाहेरच्या खोलीत आवाज द्यायला कुणी नाही, हे तिला आठवलं. आठवलं, आणि त्याचं काही वाटलं नाही.

मागे फाटकाशी कुणीतरी खाकरलं. खुशालरावांचं खाकरणं तिला ओळखू आलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. बोट ओठांवर ठेवलं.