कमळी हाइट्स

उलव्यात नवा टॉवर उभा राहिला की त्याच्या कपाळावर त्याच एका वळणाची सोनेरी अक्षरं चढायची. सोनाराच्या दुकानावर तीच, दातांच्या दवाखान्यावर तीच, लग्नपत्रिकेवरही तीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! जयदेव कोळी त्यांच्याकडे बघून थुंकायचा. आता त्याच्याच घराच्या जागेवर बांधलेल्या इमारतीवर ती चढली होती.

जागा देताना त्याने बिल्डर रूपेशला एकच अट घातली होती: इमारतीला माझ्या बायकोचं नाव, आणि ती लिहायची तसंच.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पाटी बनवणारी क्षिप्रा कौतुकाने सांगत होती, "काका, याला सेरिफ म्हणतात. एकदम ट्रॅडिशनल. बघा, इंग्रजी अक्षरांच्या टोकाटोकाला बारीक पाय आहेत. पुस्तकं यातच छापतात. लोकांना भरवसा वाटतो."

"अक्षरांना पाय दिलेस, बाय. बिल्डिंगीच्या पायाचं काय, ते या रूपेशला इचार."

"नाना, टेन्शन नका घेऊ," रूपेश हसत म्हणाला.

जयदेवची नजर खालच्या मराठी ओळीवर गेली. कमली हाइट्स.

"ह्यो ल कोनाचा?"

"हा अक्षरांचा संच हिंदीसाठी केलेला आहे. त्यात ळ नाही," क्षिप्रा म्हणाली. "दुसरीकडचा लावला तर लूक जातो. आणि काका, तुम्ही स्वतः कमलीच म्हणता की!"

खरंच होतं ते. उभा जन्म त्याने तिला 'कमले' अशीच हाक मारली होती. पण पन्नाशीनंतर दोघं दुर्गाबाईंच्या साक्षरता वर्गात बसली, तेव्हा कमळी नेमकी ळ वर अडली. मासळी कापायच्या फळीवर ओल्या बोटाने गिरवायची आणि चिडायची, "मेल्याला दोन पोटं हायत, कितीबी भरवा!" पुढे बँकेत अंगठा न देता तिने सही केली, ती त्याच ळ ची.

"बोलतो तो वारा," जयदेव म्हणाला. "लिवतात ते ऱ्हातं. ळ लाव."

"पुढच्या महिन्यात बघू ना, नाना," रूपेश म्हणाला आणि फुलवाल्यावर ओरडायला गेला.

कारागिराची शिडी भिंतीलाच होती. जयदेव वर चढला, स्क्रू सोडवले आणि पितळेचा 'ली' काखेत मारून खाली उतरला.

थोड्या वेळाने पाहुण्यांची पहिली गाडी गेटाशी थांबली. आतून कोणीतरी मोठ्याने वाचलं, "कम हाइट्स?" आणि गाडीभर हशा पिकला.

रूपेश धावत आला. "नाना, इज्जतीचा फालुदा झाला! गिऱ्हाईक काय बोलंल? ली द्या इकडं!"

"ळ आन, मंग ने." जयदेव पाहुण्यांसाठी मांडलेल्या पहिल्या खुर्चीत ऐसपैस बसला. 'ली' त्याने मांडीखाली घेतला होता.

रूपेशने क्षिप्राकडे पाहिलं. तिने पुठ्ठा आणि सोनेरी रंग काढला. "काका, हाताने काढते. पण त्याला पाय नसणार."

"नसू दे पाय," जयदेव म्हणाला. "पोटं मातुर दोन पायजेत."